पाद्र्याच्या घराची चौथी कैची

रवि. ५ जाने.
नवं काम. इंग्लंडातल्या एका खेड्यातलं पाद्र्याचं जुनं घर. मापं तिकडच्या लोकांनी लेझरने घेतली, फोटो काढले. नकाशे आम्ही इथे सौदीत, अल मलाझच्या ऑफिसात बसून काढायचे. मी इंग्लंड पाहिलेलं नाही, पण घर संध्याकाळपर्यंत पाठ झालं. समोरून विटांचं, टापटीप. वर पाच खिडक्या, खाली चार, मधे दार. गावकऱ्यांचं पाद्र्याकडे काम असेल तर बाजूने वेगळं दार, थेट त्याच्या खोलीत. घरातल्या बायकांना वर्दळ नको. आमच्या सौदी घरमालकाच्या मजलिसलाही, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीलाही, असंच दार आहे. दोघे एका विचाराचे.

मंगळ. ७
पोटमाळ्याचे फोटो आले. छपराखाली ओकच्या चार कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या तिकोनी चौकटी. लाकडावर ओरखडे दिसत होते, ते नकाशातून पुसले. हानीसाहेबांचा, म्हणजे आमच्या इजिप्शियन साहेबांचा, नियम: नकाशा स्वच्छ.

बुध. ८
सकाळी मेट्रोत एकदम लक्षात आलं. ते ओरखडे नाहीत. अब्बा छपराची कैची आधी अंगणात जोडायचे, प्रत्येक सांध्यावर पटाशीने रेघा मारायचे, मग सुटी करून वर चढवायचे. पहिल्या कैचीला एक रेघ, दुसरीला दोन. लहानपणी रत्नागिरीत त्या रेघा मोजून सांगायचं काम माझंच. आणि सुताराची पोर सुताराच्याच खुणा पुसून बसली. अक्कल गहाण, दुसरं काय.
फोटो परत उघडले. एक रेघ. दोन. तीन. आणि शेवटच्या कैचीवर पाच.
चार कुठाय?

गुरु. ९
तिसरी आणि पाचवी यांच्यातलं अंतर बाकीच्यांच्या बरोब्बर दुप्पट. आणि बरोब्बर मधोमध एक जाड भिंत, जमिनीपासून छपरापर्यंत, गिलावा केलेली. बाकीच्या आतल्या भिंती वीतभर, ही हातभर. चौथी कैची हिच्या पोटात आहे. म्हणजे आत जुनं लाकडी घर अजून उभं आहे. विटांचा दर्शनी भाग नंतर चढवलेला अंगरखा.
घराच्या नव्या मालकांना स्वयंपाकघर मोठं हवंय. पाडायची म्हणून खूण केलीय ती नेमकी हीच भिंत. ती पाडली तर छप्पर खाली.
हा.सा.ना दाखवलं. "दिसतं तेवढं काढायचं. खलास."
म्हटलं, मग ही शंका माझ्या नावाने तिकडे पाठवा. मिशी कुरवाळत म्हणाले, "चुकलीस तर हे काम दुसऱ्याला."
चालेल, म्हटलं.

शनि. ११
हे अल खर्जहून आले, डेअरीतून दोन दिवस सुट्टी. सगळं ऐकून म्हणाले, "परक्याच्या भिंतीची तुला नसती उठाठेव." बिर्याणीत मीठ जास्त पडलं. मुद्दाम नाही.

मंगळ. १४
तिकडच्या आर्किटेक्ट हेलनबाईंचं पत्र, दोनच ओळी. भिंत उद्या पाडणार होते, थांबवलीय. गुरुवारी गिलावा थोडा काढून बघतील. लाकूड नाही निघालं तर...

गुरु. १६
निघालं. निघालं. निघालं.
हेलनबाईंनी फोन भिंतीशी धरला होता, अख्खं ऑफिस माझ्या टेबलाभोवती. गिलाव्याची खपली पडली आणि मागे ओक, काजळीने काळाकुट्ट. धुराडं नव्हतं तेव्हा खाली उघड्यावर चूल पेटायची, बाई म्हणाल्या. मग त्यांनी ब्रशने सांधा झाडला. चार रेघा. मी मोजल्या, मोठ्याने, मराठीत. भिंत राहणार, स्वयंपाकघर दुसरीकडे.
हा.सा.नी कुनाफा मागवला, त्यांच्याकडची मिठाई. पहिल्यांदाच मला 'बिंती' म्हणाले, मुली. नकाशावर खुणा परत काढल्या, एकूण एक. आज मी कुणाला ऐकणार नाही.

शुक्र. १७
अब्बांना फोन केला, फोटो दाखवले. कौतुक करतील वाटलं होतं. चष्मा लावून बघत राहिले, मग म्हणाले, "हात चांगला हाय त्याचा." माझा नव्हे, त्या सुताराचा. आणि मग, "अगो, पण पाचवी शेवटची कशावरून? तिच्या भायरच्या अंगाला खाचा हायत काय, बघलंस?"
नाही बघितलं.

रवि. १९
बघितलं. आहेत. पाचवीच्या बाहेरच्या अंगाला तीन खाचा, रिकाम्या. तिथे तुळया बसायच्या. म्हणजे घर पाचवीच्या पुढेही होतं. आता तिथे हिरवळ आणि एक बाक.
हेलनबाई विचारतात, खणायचं तर कुठे?
दोन कैच्यांमधलं असतं तेवढंच अंतर मोजून नकाशातल्या हिरवळीवर लाल रेघ मारली. शेजारी लिहिलं: सहावी. हा.सा. मागे उभे होते. म्हटलं, साहेब, इथे तर काहीच दिसत नाही.
"यल्ला," म्हणाले, "पाठव."