सुभद्राबाईंच्या रक्ताचे नमुने भंगारात न काढण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
मज्जावेध संशोधन केंद्र, नागपूर.

विषय : डीप फ्रीझर क्र. ३ भंगाराच्या यादीतून वगळणेबाबत.
संदर्भ : भांडार विभागाचा दि. ९ ऑक्टोबर २०२५ चा पंचनामा.

महोदय,

१. अर्जदार डॉ. नूपुर घटाटे ही केंद्रात सहा वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारावर संशोधन करीत आहे. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवरचे आवरण कुरतडू लागते, मेंदूत दाह होतो, आणि कधी डोळे, कधी पाय, कधी बोटे काम सोडतात. झटका येण्याआधी रक्तात काय बदलते, हे अर्जदार शोधत आहे. त्यासाठी बासष्ट रुग्णांचे रक्त सदर फ्रीझरमध्ये उणे ऐंशी अंश सेल्सिअसला ठेवलेले आहे.

२. त्यांपैकी सौ. सुभद्रा वामनराव लांजेवार, रा. भिवापूर, या मिरचीचे देठ खुडण्याच्या कामाला जात. त्या कामात संध्याकाळपर्यंत हातांची आग आग होते. एका हंगामात त्यांच्या उजव्या हाताची आग व्हायची थांबली. देवाने आपल्यापुरती सवलत दिली असे समजून त्यांनी हे दोन वर्षे कोणाला सांगितले नाही. पुढे उजवा पायही गेला. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी पती वामनराव त्यांना एसटीने नागपूरला आणतात. चार वर्षांत एकही खेप चुकलेली नाही. दोन झटक्यांच्या आधीचे व नंतरचे असे सलग रक्त फक्त त्यांचेच उपलब्ध आहे.

३. वार्षिक पडताळणीच्या संगणकीय तक्त्यात तापमानाच्या रकान्यात उणे चिन्ह बसत नाही. भांडारपाल दत्तोपंत यांनी ते तीनदा बसवून पाहिले. तिन्ही वेळा रकाना लाल झाला. नाइलाजाने त्यांनी "८०" एवढेच लिहिले. ऐंशी अंशावर चालणारे शीतयंत्र बिघडलेले असणार, असा निष्कर्ष काढून आपल्या कार्यालयाने ते आतील मालासह भंगारात काढले. अर्जदाराने खुलासा केला असता, दुरुस्तीचे प्रमाणपत्र जोडावे असे उत्तर आले. यंत्र बिघडलेलेच नसल्याने दुरुस्त झालेले नाही, असे कळवल्यावर, 'दुरुस्त झालेले नाही' हे वाक्य अधोरेखित करून प्रकरण बंद करण्यात आले.

४. दि. ९ रोजी आपण चार हमालांसह प्रयोगशाळेत आलात. तो सुभद्राबाईंचा रक्त देण्याचा दिवस होता. अर्जदार आपणांस तक्ता समजावत असताना त्यांनी वामनरावांकडून व्हीलचेअर ढकलवून घेतली व फ्रीझरच्या दाराला पाठ लावून बसल्या. हे रक्त ठेवून तुम्हांला काय मिळणार, असे आपण त्यांना विचारले. हेच त्यांनी पूर्वी अर्जदाराला विचारले होते, आणि औषध निघाले तरी बहुधा तुमच्या वेळेत निघणार नाही, असे अर्जदाराने त्यांना खरे ते सांगितले होते. त्या आपणांस म्हणाल्या, "मले नाही भेटलं तं नाही भेटू द्या, साहेब. पण माह्यामागून ज्या बाईले हे होईन, तिले तरी डॉक्टरनं 'मालूम नाही' म्हणू नये."

त्यानंतर एका हमालाने आणलेला दोर परत गुंडाळला. आपणही परत गेलात, याबद्दल अर्जदार ऋणी आहे. मात्र तक्ता समजावणे त्या वेळी अर्धवट राहिले. म्हणून हा अर्ज.

५. तथापि पंचनाम्यात "फ्रीझर एक, त्यास लागून महिला एक, खुर्चीसह" अशी नोंद झाल्याने संगणकाने या तिन्ही बाबी गुरुवारच्या लिलावाच्या यादीत घेतल्या आहेत. सुभद्राबाई केंद्राच्या मालकीच्या नाहीत. खुर्चीही त्यांचीच आहे.

सबब विनंती की, तिन्ही बाबी यादीतून वगळाव्यात व रकान्यात ऐंशीच्या आधी एक आडवी रेघ मारण्यास मंजुरी द्यावी. संगणकास ते शक्य नसल्यास कागदी प्रतीवर ती रेघ स्वतः मारून खाली सही करण्यास अर्जदार तयार आहे.

गुरुवारपूर्वी निर्णय व्हावा, एवढ्याच अपेक्षेने,

आपली नम्र,
(सही)
डॉ. नूपुर विश्वनाथ घटाटे
नागपूर, दि. १३ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) तापमान नोंदवहीची सत्यप्रत.
२) सुभद्राबाईंचे संमतीपत्र.
३) श्री. वामनराव लांजेवार यांची चिठ्ठी, मूळ प्रत : "मॅडम, बाकी पेशंटाईले फोन केले. गुरुवारी सतरा जन येऊन राहिले. खुर्च्या आपापल्या आनतीन. साहेबाले सांगून ठेवा, नावं बराबर लिहा म्हना."