दादांची शास्त्रीय शुश्रूषा

सोमवार, ५ फेब्रुवारी १९३४
दादांना गावाकडनं, वैरागहून, इथं चाळीत आणलं. पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, आता औषध नाही, महिना-दोन महिने आहेत, तेवढे आरामात जाऊ द्या. दादा शेतात राबले म्हणून मी मॅट्रिक झालो, गिरणीत टाइमकीपर झालो. आता माझी पाळी. गिरणीतल्या फर्स्ट एडच्या वर्गाला मी सहा आठवडे बसलोय. म्हणजे पाच, एकदा पडसं होतं. दादांची शुश्रूषा शास्त्रीय पद्धतीनं, आणि मी स्वतः करणार.
सौ.चा उपयोग नाही. दादा थोरले दीर, तिला त्यांच्यापुढं यायचं नाही, बोलायचं नाही. दाराआडून ती रांजणाला सांगते, पेज झालीय म्हणावं. दादा भिंतीला सांगतात, ठेव म्हणावं. अशा घरात एक तरी शिकलेला माणूस हवाच.

मंगळवार, ६ फेब्रुवारी. पहाटे ५
टेंपरेचर घ्यायला दादांना उठवलं. रातभर कळा हुत्या, आत्ता कुटं डोळा लागला हुता, म्हणाले. पण शास्त्रात वेळ म्हणजे वेळ.
भिंतीवर चार्ट लावला. तंबाखू बंद. गप्पा बंद. पटका बंद, डोक्याला हवा लागत नाही. दादा म्हणाले, बोडक्या डोस्क्यानं मी आजवर कुणाम्होरं बसलो न्हाय. पेशंट म्हणजे लहान मूल. समजूत घातली.

गुरुवार, ८ फेब्रुवारी
स्पंजिंग केलं. पुस्तकात व्हेंटिलेशनवर फार भर आहे, म्हणून दार सताड उघडं ठेवलं. चाळीतल्या बायका नळावर निघाल्या होत्या. दादांनी डोळे घट्ट मिटून घेतले. फार बरं वाटत असावं.
मग बेडपॅन. घड्याळ घेऊन शेजारी उभा राहिलो. दहा मिनिटं गेली, काही नाही. दादा म्हणाले, अरं, तुला मी वढ्यावर धुतलाय, आन् आता तू हितं घड्याळ धरून हुबा व्हय! भाईर जा की. पेशंटचं सहकार्य नाही. ऑफिसची वेळ झाली म्हणून निघालो.

शनिवार, १० फेब्रुवारी. संध्याकाळी
यश! घरी आलो तर दादा ताजेतवाने. दाढी झालेली, अंग पुसलेलं, धोतर स्वच्छ. अर्धी वाटी पेज पोटात. बेडपॅन धुऊन उन्हात ठेवलेलं. हे कसं, असं सौ.ला विचारलं, तर आत भांडी जोरात वाजली. दादांना विचारलं. दुपारी निवांत झोप लागली, म्हणाले, तुजा तक्ता लई गुणाचा हाय. चार्टवर निळ्या पेन्सिलीनं लिहिलं, प्रकृतीत सुधारणा.

सोमवार, १२ फेब्रुवारी
चष्मा विसरला म्हणून दुपारी घरी आलो. दारावर आडोशाला चादर लावलेली! आत शेजारचा सिद्धप्पा विणकर. आमच्याच गिरणीत रातपाळीला असतो, दिवसा मोकळा. दादांना छातीशी रेलून घेऊन पाठ चोळत होता. दादांच्या डोक्याला पटका, गालात तंबाखू, आणि दोघं चक्क हसत होते. मी ओरडलो तर कानडी हेल काढून मलाच म्हणतो, सावकाश री, अण्णांना ठसका लागंल. रोज येतो म्हणे. ट्रेनिंग काय, तर बाप दोन वर्षं अंथरुणावर होता, त्याचं सगळं यानं केलं. बस, एवढंच!
माझी शिस्त रोज मोडूनही दादांना आराम पडतो, म्हणजे चार्ट किती जबर असला पाहिजे! सिद्धप्पाला बंदी केली. पंधरा दिवसांची रजा टाकली. आता पूर्णवेळ शुश्रूषा.

बुधवार, १४ फेब्रुवारी
रजेचा पहिला दिवस. टेंपरेचर सहा वेळा. दादा जेवले नाहीत.

गुरुवार, १५ फेब्रुवारी
दादांची कूस बदलताना माझी पाठ धरली. सौ.नं शेक दिला. बेडपॅन कोरडंच.

शनिवार, १७ फेब्रुवारी
थर्मामीटर फुटलं. माल हलका होता. दादा भिंतीकडं तोंड करून असतात. काय होतंय विचारलं. काय न्हाय, म्हणाले.

सोमवार, १९ फेब्रुवारी
पहाटे दादा रडत होते. वडील गेले तेव्हासुद्धा त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. पुस्तक सगळं चाळलं. यावर काही दिलेलं नाही.

गुरुवार, २२ फेब्रुवारी
हेडक्लार्क चन्नप्पांचा शिपाई आला. रजा रद्द, उद्या हजर व्हा. वाटलंच होतं. माझ्यावाचून ऑफिस चालणं कठीण. दादांना सांगितलं, फार वाईट वाटतंय, पण निरुपाय आहे. दादांनी लगेच पेज मागितली.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी
चन्नप्पांना विचारलं, काम कुठं अडलं होतं? म्हणाले, कुठंच नाही. सिद्धप्पा पाळीवर येताना निरोप घेऊन आला होता. दादा भिंतीला म्हणाले होते, महिपती माज्यावर लई जीव टाकतो, पर त्याच्याम्होरं मला धड कण्हताबी येत न्हाय, कुणी त्याला कामावर बोलावंल तर बरं हुईल. सौ.नं ते दाराआडून ऐकलं आणि सिद्धप्पाच्या कानावर घातलं.
हजेरीत तीन नावं चुकली.
संध्याकाळी सिद्धप्पाला नळावर गाठलं. बंदी उठवल्याचं कळवलं. मग विचारलं, मी करू काय? म्हणाला, काही करू नका री. धाकट्या भावापुढं उघडं पडायला अण्णांना लाज वाटते. परक्याचं तसं नसतं. धुणंपुसणं माझ्याकडं द्या. तुम्ही कामावरनं या, शेजारी बसा, शेताचं विचारा.

शनिवार, २४ फेब्रुवारी. रात्री ८
बसलो. यंदा ज्वारी कशी आहे, एवढंच विचारलं. दादा पाऊण तास बोलत होते. बैलांचं, बांधाचं, मी लहानपणी विहिरीत पडलो होतो त्याचं. हसताना कळ आली, तर माझा हात धरून मोकळेपणी कण्हले. मी काही केलं नाही. फार अवघड गेलं.
झोपताना दादांनी विचारलं, उद्या कामावर जानार न्हवं?
म्हटलं, जाणार तर! काम फार पडलंय.
दादा निवांत झोपले. सौ.ला सकाळी लवकर डबा करायला सांगितलंय. उद्या रविवार. नऊला घरातून निघायचं, पाचपर्यंत कुठं बसायचं ते अजून ठरलेलं नाही.