तेलाचे इंजेक्शन आणि निंबाचा डहाळा

रवि., ९ जानेवारी १९४९
मी, वामन केशव टिपणीस, बी. कॉम., वय त्रेपन्न, कर्जत येथील भातगिरणीचा व्यवस्थापक. हेतू एवढाच : मला चालू असलेल्या इंजेक्शनांचे परिणाम, बरे आणि वाईट, न लपवता टिपणे. पुरुषाच्या शरीरातील टेस्टॉस्टेरॉन नावाचा रस माझ्यात कमी पडतो, असे आमच्या डॉ.चे निदान. तो तेलातून टोचतात. सौ.ला ‘यकृतासाठी’ असे सांगितले आहे. असत्य, तूर्त आवश्यक.
बरे : दुपारची पेंग गेली. आज स्नान करताना गुणगुणलो. सौ. दाराबाहेरून, “कोण आलंय आत?”

शनि., १५ जानेवारी
वाईट : कपाळ, गाल, पाठ पुळ्यांनी भरली. त्रेपन्नाव्या वर्षी सोळाव्याची कातडी. डॉ. म्हणतात, औषधाचाच परिणाम. भूक अफाट, ती कोणत्या सदरात घालावी ते ठरलेले नाही.

रवि., १६ जानेवारी
गणू न्हावी दाढीला आला. साबण लावण्यापूर्वीच हात मागे घेतला.
“सायेब, ही आई हाय. आमी वस्तरा नाय लावनार.”
“पुळ्या आहेत, गणू.”
“आईला पुळ्या म्हनू नका.”
उठला तो थेट मागीलदारी सौ.कडे, देवी आल्याचे सांगायला. दुपारी दारावर निंबाचा डहाळा, फोडणी बंद. खिचडीसाठी भिजवलेले सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, शेजारी गेले.

मंगळ., १८ जानेवारी
बिनफोडणीचे वरण, भात, दही. अशी भूक, आणि असे जेवण.
गिरणीतील माणसे फाटकातूनच नमस्कार करतात. मला नव्हे, देवीला. सौ.ही अंथरुणाशी हात जोडते : “आई, शांत व्हा.” तीस वर्षांच्या संसारात प्रथमच इतक्या नम्रतेने बोलते आहे, पण माझ्याशी नाही. पुळ्यांचा खुलासा दोनदा केला. “आई बोलवतील ते बोलायचं,” म्हणाली.

गुरु., २० जानेवारी
इं.ची पाळी. डॉ. पेटी घेऊन आले. सौ. उंबऱ्यात आडवी उभी.
“आई घरात असताना सुई नको. यकृत थांबेल आठ दिवस.”
डॉ.नी माझ्याकडे पाहिले. मी सौ.ला सांगून टाकले. सगळे.
सौ. म्हणाली, “म्हणजे ते गुणगुणणं यकृताचं नव्हतं तर,” आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. डॉ. भिंतीकडे पाहत राहिले.
नंतर त्यांनी माझा घोटा अंगठ्याने दाबला. खळगा पडला, तसाच राहिला. औषध शरीरात पाणी धरून ठेवते. हृदयावर ताण नको. आज इं. नाही. मीठ कमी. सूज उतरली तर अर्धी मात्रा. न उतरल्यास कायमचे बंद.
मला बंद नको आहे. हे येथे स्पष्ट लिहितो.

रवि., २३ जानेवारी
डहाळा उतरला. तरीही सौ. देवळात दहीभात ठेवून आली. “उगाच बोलावलं ना त्यांना.”
पुळ्या सुकू लागल्या, गणू दाढीला. “सायेब, आई लौकर गेली.” म्हटले, हो.
सोड्याची खिचडी झाली. माझ्या पानात अळणी.

शुक्र., २८ जानेवारी
पुळ्या पार गेल्या. उत्साहही उतरणीला, गिरणीतून टांग्याने आलो. काल सौ. म्हणाली, “पुळ्या होत्या तेव्हाच तुम्ही बरे होतात. भांडत तरी होतात.”
डॉ. उद्या येणार. दिवेलागणीला तिने घोटा दाबला, अंगठा काढला, वाकून पाहत बसली.
“खळगा आहे?”
“थांबा हो जरा. भरतोय…”

वा. के. टिपणीस
कर्जत, २८ जानेवारी १९४९