वीतभर अंतर

२ एप्रिल
वसमतला आलो आणि पहिल्याच दिवशी पिवळा झालो! रिझवानभाईंचा स्टुडिओ हळदीच्या गोदामावर आहे. भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकल्यात; टाळी वाजवली तरी आवाज जागीच मरतो. जयंतीसाठी लक्ष्मीबाईंची भीमगीतं रेकॉर्ड करायची आहेत. माइकपासून तोंड वीतभर लांब आणि जरा तिरकं, हा माझा नियम. डोळे मिटून ऐकलं तरी गाणारा किती अंतरावर आहे ते मी सांगतो. भाई हसले, म्हणाले, बघू.

५ एप्रिल
लक्ष्मीबाई सत्तरीच्या, आवाज खणखणीत. पण उघड्या मैदानात गायची सवय, सारख्या हातभर मागे सरकतात. मी खांद्याला धरून पुढे आणतो. जवळ आल्या की प्रत्येक ओळीआधी श्वासाची घरघर येते. आईला दमा आहे, असं त्यांची लेक सपना म्हणाली. मी म्हटलं, मग श्वास हळू घ्या. पंखा बंदच ठेवतो, त्याचा आवाज येतो.

७ एप्रिल
भरदुपार, शेवटचं कडवं. बाबू, पंखा लाव, दम लागून राहिला, असं त्या दोनदा म्हणाल्या. मी म्हटलं, आणखी एकदा. मग पुन्हा, आणखी एकदा. गाणं फार सुंदर झालं. त्या खुर्चीत टेकल्या त्या उठल्याच नाहीत. सपना खाली चहा सांगायला गेली होती. पंखा चालू होता, असं मी तिला सांगितलं.

१० एप्रिल
पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आईला श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात सपनाला तिचं गाणं लावायचंय. मी त्यातले सगळे श्वास कापून टाकले. मला ते ऐकवत नव्हते. तिने ऐकलं आणि विचारलं, आईचा दम काहून काढला? तिच्याकडे बघवेना.

११ एप्रिल
भाईंच्या आवाजात जयंतीची जाहिरात केली. दोन वाक्यांच्या मधे घरघर. हातभर मागून. भाई म्हणतात, काहीच नाही. मला ऐकू येते.

१२ एप्रिल
रिकामी खोली रेकॉर्ड केली. घरघर आहे. आता वीतभर, जरा तिरकी. मी शिकवली तशी, बरोबर.

१३ एप्रिल
कापली. परत आली. चार बोटांवर.
हेडफोन काढला, तरी—

१४ एप्रिल
बाहेर मिरवणुकीची गाणी. इथे आत काही पोचत नाही.
सपनासाठी खरं काय ते रेकॉर्ड करायला बसलोय. पंखा मी बंद ठेवला होता. मी खोटं बोललो. एवढंच सांगायचं, पण तोंडून शब्द फुटेना, म्हणून लिहितोय.
पंखा लावला होता. थांबलाय. मी हात लावला नाही—
खांद्याला कुणीतरी धरलंय. पुढे सरकवतंय, माइककडे—
दम लागतोय. सपना, मला—
कानाशीच. म्हणतायत, बाबू, आणखी एक