नायजेरियाची नोकरी

९ जाने. ७८, शिरूर
कॉलेजच्या स्टाफरूममधल्या इंग्रजी पेपरात जाहिरात. उत्तर नायजेरियातल्या एका विद्यापीठाला इंग्रजीचे लेक्चरर हवेत. एम. ए., पाच वर्षं अनुभव. माझी सहा झाली. भूगोलाच्या पठाणांनी खांद्यावरून वाचलं आणि ॲटलासच घेऊन आले. "ह्ये बघा कांबळे, वाळवंट संपलं की लगेच तुमची शाळा. तिथं गेलात की शिरूरचा उन्हाळा गोड लागंल." चेष्टाच. तरी पेपर घडी करून खोलीवर आणला.

१५ जाने., दौंड
रविवार. अर्ज स्टेशनच्या पेटीत टाकला. विमलला सांगितलं नाही. बोलावणार कोण आपल्याला? उगाच घरात विषय नको. ती रोज पॅसेंजरने केडगावच्या शाळेत शिकवायला जाते, संध्याकाळी आबांचं बघते. मी शनिवारी येणार, सोमवारी पहाटे जाणार. नवरा कसला, पाहुणाच.

२१ फेब्रु.
बोलावलं! मुंबईला, ४ मार्च. आता सांगणं भाग आहे.

२६ फेब्रु., दौंड
सांगितलं. विमल भाकरी थापत होती, थांबली नाही. "अर्ज कवा केला?" "जानेवारीत." "बरं." एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

५ मार्च
कालची मुलाखत. लिहायलाही लाज वाटते, पण लिहितो.
तिघेजण होते. मधले निळ्या झग्यातले नायजेरियन प्राध्यापक. म्हणाले, समोर वर्ग आहे समजा आणि हा उतारा शिकवा, पुरावर आहे. उतारा सोपा. पहिलं वाक्य समजावलं इंग्रजीत, आणि तोंडातून आपोआप, "म्हणजे". थांबलो. दुसरं वाक्य. पुन्हा "म्हणजे". चौथ्या वेळी त्यांनी विचारलं, हा शब्द काय आहे?
खरं ते सांगितलं. आमच्याकडे इंग्रजीचा तास असाच चालतो. वाक्य इंग्रजीत, मग "म्हणजे", मग सगळं मराठीत. मुलं त्या शब्दाची वाट बघतात, तोवर पेनसुद्धा उचलत नाहीत.
ते मोठ्यांदा हसले. मग गंभीर झाले. आमची मुलंही वाट बघतील, म्हणाले, त्यांच्या भाषेतल्या शब्दाची. तेव्हा तुम्ही काय कराल?
मी म्हणालो, माहीत नाही.
नोकरी गेली बहुतेक.

७ मार्च, शिरूर
एफ. वाय.चा तास. ठरवून आत गेलो, आज मराठीचा एक शब्द नाही. वीस मिनिटं इंग्रजीत बोललो. चांगलं बोललो, खरंच. माना सगळ्या वर आणि वर्ग गार. शेवटी मागून मुक्ता गायकवाड उठली, न्हावऱ्याहून एस.टी.ने येते ती. "सर, आमचं काय चुकलं का? तुम्ही आज बोलंनाच."
बोलत होतो की, वीस मिनिटं. उरलेला तास मराठीत घेतला. सहा वर्षं ह्या पोरांना इंग्रजी शिकवलं, का इंग्रजीपासून वाचवलं? आणि मला तरी ते येतं का, मराठीचा हात सोडून?

११ एप्रिल
निवड झाली! दोन वर्षं. पहिलं वर्ष एकट्यानं राहायचं, मग कुटुंब नेता येईल. त्या "माहीत नाही"चं त्यांना काय आवडलं कोण जाणे. स्टाफरूममध्ये पठाणांनी मिठीच मारली. प्राचार्यांनी नाही. "दोन वर्षं रजा? जमायचं न्हाई. राजीनामा द्या आन् खुशाल जा." पर्मनंट जागा. परत आलो तर दार बंद.

१६ एप्रिल, दौंड
आबा विहारात सगळ्यांना सांगून आलेत, पोरगं आफ्रिकेच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणार. गँगमन म्हणून रुळांवर चालण्यात त्यांची हयात गेली. मला म्हणाले, "जा रं. माझं काय, मी हाय नाहीतर न्हाई." डोळे पुसले, धूर गेला म्हणाले. चूल तर विझलेली.

२३ एप्रिल, दौंड
उत्तर शुक्रवारच्या आत पोचायला हवं.
दुपारी विमलला सगळं नीट मांडून सांगितलं. पगार, आबांचं औषधपाणी, तिची पॅसेंजरची दगदग सुटेल, तुझ्यासाठीच तर हे सगळं. वर्गात मुद्दे सांगतो तसंच सांगितलं. ती पोरांच्या वह्या तपासत होती. तांबडं पेन खाली ठेवलं.
"अहो, माझ्यासाठी चाललोय असं म्हनू नका. मी कवा मागितलं? तुमच्या मनात हाय जायचं, तर तसं म्हना. मी सोता बॅग भरून देते. आबांचंबी बघते. पर माझ्या नावावर जाऊ नका."
मी म्हणालो, तसं नाही गं. ती म्हणाली, "मग कसं?"
तोंडातून आलं, "म्हणजे". तिनं पुढची वही ओढली.
मला जायचंय. मराठीचा हात सोडून वर्गापुढं उभं राहता येतं का, बघायचंय. तिच्यासाठी नाही, आबांसाठी नाही.
इथं लिहायला काय लागतं. ती पलीकडे बसलीय, चार हातांवर. अजून सांगितलेलं नाही.