बाबतीसचा गुद्दा आणि पाटावरची सुपारी

माघ वद्य तृतीया, सन १९४१

सगळ्यांत आधी टपकली ती शेजारची सकुबाई, पाहुण्यांच्याही आधी. म्हणे विरजण मागायला. भांडं आणायला मात्र विसरली! मागून टोकावड्याचे धर्मा सोयरे आणि त्यांचा मुलगा नामा. आमच्या वत्सलाला बघायला.

नातीची दोन स्थळं माझ्या महादूच्या जिभेनं घालवली. पोटचा पोर आहे, पण वाद घातल्याशिवाय त्याला भाकर पचत नाय. एक स्थळ बैलाच्या शिंगावरून मोडलं, दुसरं लोणच्यावरून. म्हणून आज बजावलं — तू नुसती मान हलव. अर्धी दुपार हलवली बिचाऱ्यानं.

मग कसाऱ्याचा विषय निघाला. महादू तिथं रेल्वेच्या गँगवर, आणि धर्मा सोयरे पूर्वी तिथंच इंजिनात कोळसा टाकायचे. बाबतीस दोघांनी बघितलेला. बाबतीस म्हणजे इंजिनावरचा गडी, कणगीएवढी छाती, हातांना गाद्या बांधून गुद्द्यांची कुस्ती खेळायचा. रेल्वेचा मोठ्या वजनाचा चॅम्पियन.

महादू म्हणाला, "चौतीस साली काय भरात होता!"

"चौतीस? तवा कोवळा होता तो," सोयरे म्हणाले. "भरात आला सदतीस साली. वजन चढल्यावर."

झालं. मान हलायची थांबली. आता हात दुखतो, उरलेलं उद्या.

चतुर्थी

आमच्यात मुलगी पसंत पडली की मुलाचा बाप पाटावरची सुपारी फोडतो. फुटली की सोयरीक पक्की, मग माघार नाय. मी आशेनं काल सकाळीच सुपारी मांडलेली. अडकित्ता तेवढा सापडेना, म्हटलं बघू वेळ आली की.

पण वेळ येतेय कुठली! महादू पाय नाचवून दाखवतोय, चौतीस साली बाबतीस कसा पळायचा ते. सोयरे म्हणतात, "पळतो तो ससा. चॅम्पियन उभा राहतो." मी नामाला विचारलं, तुझं काय म्हणणं? तो म्हणाला, "मी तवा लहान होतो, आजी. पण चहा झकास आहे." दाराआड बांगड्या वाजल्या.

तेवढ्यात महादू म्हणाला, "सदतीस साली त्याचा गुद्दा म्हणजे म्हशीनं शेपूट मारल्यावाणी."

सोयरे उठले. टोपी घातली. गेलं तिसरं स्थळ! "शेपूट काय? हा बघ सदतीस सालचा गुद्दा," म्हणून त्यांनी मूठ आपटली ती पाटावर. सुपारीची दोन शकलं. एक चुलीकडे, एक सकुबाईच्या मांडीत.



"फुटली," मी म्हटलं. "सोयऱ्यांच्या हातानं फुटली गो सकुबाई, तू साक्षी."

सोयरे मूठ चोळत बसले. नाय म्हणावं तर गुद्दा खोटा पडतो, हो म्हणावं तर सून येते. सून पत्करली. महादूच्या डोळ्यांसमोर फुटलेली. पुटपुटला, "सदतीसचाही बरा होता म्हणायचा."

षष्ठी

सकुबाईनं गावभर केलं. धर्मा सोयरे टोकावड्याला मूठ दाखवत फिरतात म्हणे.

बाबतीसला मीही बघितलंय, पण मला कोण विचारतो? कसाऱ्याच्या बाजारात त्याची बायको फाडफाड बोलत होती आणि हा सुक्या बोंबलांची टोपली डोक्यावर घेऊन गप हसत उभा. भात पोटरीत असतो, लोंबी आतच असते, तेव्हा डौलात दिसतो, पण दाणा भरला की वाकतो. भरात म्हणतात ते त्याला. कुठलं साल, ते आठवत नाय.

अष्टमी

चुलीमागं झाडताना सुपारीचं शकल सापडलं. एक बाजू ओबडधोबड, दुसरी नितळ. गुद्द्यानं फुटलेली वस्तू इतकी नितळ?

वत्सलाची वळकटी उचलली तर खाली अडकित्ता.

पोर लाजलीसुद्धा नाय. म्हणाली, "अर्धीच चिरून ठेवलेली, आजी. बाबा वाद घालणार ते ठाऊक होतं, म्हटलं कुणी हात आपटला तरी फुटावी. सदतीस सालचा असला तरी गुद्द्याला थोडी मदत लागते."

अडकित्ता मी पिठाच्या डब्यात खोल पुरलाय. पाहुणे फाल्गुन शुद्ध द्वितीयेला साखर घेऊन येतो म्हणालेत.