तुळतुळीत हळकुंड

वसमत
१२ मार्च २०२५

प्रिय साधना,

तुला, जावईबापूंना आणि आपल्या छकुलीला खूप खूप आशीर्वाद. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर आपण मायलेकी ऊन किती आणि नळाला पाणी आलं का, एवढंच बोलतो, म्हणून.

इकडे हळदीची काढणी जोरात आहे. गावभर शिजलेल्या हळदीचा वास आणि माझ्या साड्यांना पिवळे डाग. हल्ली मी सकाळी बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या अंगणवाडीत जाते. तिथली सेविका संगिता, तिनेच बोलावलं. "आजी, घरी बसून काय करून राहिल्या? लेकरांना गोष्टी सांगा."

पहिल्याच दिवशी ती कानाशी लागली, "आजी, घरी गोरमाटी बोलणारी लेकरं हायेत. जरा सोपं बोला." मी निमूट ऐकलं. दुसऱ्या दिवशी 'मोठं-लहान, चांगलं-वाईट' एवढ्यावर गोष्ट रेटली, तर लेकरं एकमेकांना चिमटे काढायला लागली!

मग पिशवीत हळदच घेऊन गेले. ओली, वाळलेली, पॉलिश केलेली. एकेक हातात दिली. ही खरखरीत, ही सुरकुतलेली, ही तुळतुळीत. ओल्या हळदीला चिकटलेलं ढेकूळ चुरलं, ते ठिसूळ. चार वर्षांची निलम प्रत्येक शब्द तोंडात घोळवत घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिची आजी रुख्मिणीबाई दारात हजर!

"ओ बाई, काय शिकवून राहिल्या तुमी? पोरगी म्हणते, आजी, तुझी भाकर ठिसूळ झाली!"

संगिता हसून हसून खालीच बसली. रुख्मिणीबाईही हसल्या. "खोटं न्हाई म्हणत म्हणा. पीठच जुनं हाय."

मला आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर अगाथा आठवल्या. आम्हाला इंग्रजीचा गंध नव्हता, तरी बागेतल्या फुलाफुलाबद्दल त्या आमच्याशी मोठ्या माणसांशी बोलावं तशा बोलायच्या. निम्मं कळायचं नाही. पण कुणीतरी आपल्याशी एवढं बोलतंय, याचंच अप्रूप वाटायचं.

परवा मनाचे शब्द घेतले. रुसलेला कोपऱ्यात बसतो, पण एक डोळा आपल्यावर ठेवतो. त्याला मनवावं लागतं. हिरमुसलेला काही मागत नाही, त्याला नुसतं जवळ घ्यायचं. लेकरांनी तशी तोंडं करून दाखवली. निलम मात्र माझ्याकडेच बघत राहिली.

"आजी, तू हिरमुसून राहिली का?"

"नाही गं."

"मंग तोंड काहून तसं?" आणि सरळ मांडीत येऊन बसली.

साधना, दिवाळीत तू म्हणालीस, "आई, छकुलीची शाळा इंग्रजी आहे. तुझ्या जड शब्दांनी तिचा गोंधळ होतो, सोपं बोल." तुझं काळजीपोटीच होतं, मला कळतं. पण तेव्हापासून छकुलीशी मी 'जेवलीस का, झोपलीस का' एवढंच बोलते. एखादा शब्द निसटेल म्हणून जपून. तीही 'हो' म्हणते आणि पळते.

मे महिन्यात तिला पाठवशील? आणि मला तिच्याशी माझ्यासारखं बोलू देशील? निलमने तिच्यासाठी एक हळकुंड राखून ठेवलंय. "तुळतुळीतवालं," म्हणाली.

फोन कर. पण उन्हाबद्दल नको.

रुसलेली नाही, नुसती हिरमुसलेली,
तुझी आई